वीणेची तार सारखी तुटतेय? जाड तार लावून काही होणार नाही, कारण...

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचं गाव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहेत, त्यामुळे इथे वारकऱ्यांसोबत पंजाबातले भाविकही दर्शनाला येतात.

अशा गावात अखंड हरिनाम सप्ताह म्हटलं की वीणा आलीच. सप्ताह सुरू झाला की वीणा खाली ठेवायची नाही, असा नियम. रात्रंदिवस पहारे लागतात. एकाच्या गळ्यातून वीणा निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

आता विचार करा, रात्री दोनच्या पहाऱ्याला तार तुटली तर?

तार बदलता येते, पण ती पुन्हा तुटली की बहुतेक जण एकच उपाय सांगतात. "जरा जाड तार टाका!" ऐकायला बरोबर वाटतं, पण बहुतेक वेळा हा सल्ला चुकतो. का, ते समजून घेऊया.

चार तारा, दोन धातू

वारकऱ्यांची वीणा म्हणजे तंबोऱ्याचंच आटोपशीर रूप. गळ्यात अडकवता यावी म्हणून लहान आणि हलकी. तारा मात्र तंबोऱ्यासारख्याच चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची.

जोडीच्या तारा पोलादाच्या असतात. खर्जाची तार पितळी किंवा ब्राँझची आणि जाड असते. पंचमाची तार पट्टीप्रमाणे पोलादी किंवा पितळी लावतात.

ही वाटणी नुसती रीत म्हणून आलेली नाही. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ओढ आणि वजन. तार आखूड केली किंवा जास्त ओढली की सूर चढतो. तार जड घेतली की सूर उतरतो.

खर्ज हा जोडीच्या षड्जापेक्षा एक सप्तक खाली असतो. जोडीचीच तार खर्जाला लावली तर ओढ एक चतुर्थांशावर येते. तार सैल पडते, लोंबते आणि नुसती फडफडते. म्हणून तिथे जड तार लागते. पितळ पोलादापेक्षा जेमतेम ८ ते १० टक्के जड आहे. खरं वजन वाढतं ते जाडीमुळे.

बेस गिटारमध्येही हाच प्रश्न आहे, फक्त मोठा. तिच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्यासाठी साधी तार घेतली तर ती सळईसारखी ताठ होईल. म्हणून पोलादी तारेवर दुसरी तार गुंडाळतात. गोल तार गुंडाळली तर आवाज खणखणीत येतो, चपटी पट्टी गुंडाळली तर मऊ आणि गोलसर. वीणेला मात्र साध्या ताराच बऱ्या. जवारी काढलेल्या घोडीवर तार अलगद घासत राहते, त्यातूनच तो गुंजणारा झंकार येतो. गुंडाळलेल्या तारेचे वेढे तो पृष्ठभाग झिजवू शकतात.

मग जाड तार का तुटते?

इथेच खरी गंमत आहे.

समजा वीणेच्या तारेचा वाजणारा भाग ७५ सेंटीमीटर आहे. ०.३० मिलिमीटरची पोलादी तार पुरुषांच्या काळी १ ला लावली, तर तिच्यावर साधारण अडीच किलोची ओढ येते. तीच तार ०.४० मिलिमीटरची घेतली की त्याच सुरासाठी सव्वाचार किलोच्या वर ओढ द्यावी लागते.

म्हणजे जाड तारेची ताकद जितकी वाढली, तितकंच तिच्यावरचं ओझंही वाढलं. हिशोब बरोबरीत सुटला! तार तुटण्याच्या किती जवळ आहे, ते जाडी ठरवत नाही. ते सूर, लांबी आणि धातू ठरवतात.

उलट वाढलेली ओढ घोडीवर, खुंटीवर आणि दांडीवर येते. खुंटी सरकायला लागते, सूर टिकत नाही.

तुटण्याची खरी कारणं

पितळी तार तुटते ती बहुधा सूर फार चढवल्यामुळे. काळी १ वरून काळी ४ वर गेलं की ओढ सव्वादोन पट होते. पोलाद ते सहज सोसतं. पितळ तुटायच्या बेतात येतं. उंच पट्टीत गाणाऱ्यांनी किंवा स्त्रियांच्या पट्टीला वीणा लावताना पंचमालाही पोलादी तार घ्यावी आणि पितळ फक्त खर्जाला ठेवावं, ते यासाठीच.

पोलादी तार नुसत्या ओढीने सहसा तुटत नाही. तिचा शत्रू म्हणजे गंज. आषाढातला पाऊस, हाताचा घाम, दमट खोली. त्यात जिथे तार खुंटीकडे वळते किंवा खाली फास घातलेला असतो, तिथे बाक पडतो. तार बहुधा तिथेच जाते.

तार घेताना काय बघावं?

● आधी पट्टी ठरवा, मग तार घ्या. वीणा कोणत्या पट्टीला लागणार, हे दुकानात सांगा.

● जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. तारेच्या नंबरांच्या दोन पद्धती आहेत. एकीत नंबर वाढला की तार बारीक होते, दुसरीत जाड. नुसता नंबर सांगितला की घोळ होतो.

● तुटलेला तुकडा सोबत न्या. खुंटीजवळ तुटली, फासाजवळ तुटली की मधेच, हे त्यावरून कळतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष तारेचा नाही. तिथली कड धारदार झालेली असते, ती कारागिराकडून घासून घ्यावी.

● पहारा संपल्यावर कोरड्या कापडाने तारा पुसा.

● सप्ताहाआधी चारही तारा बदलायच्या तर दोन-तीन दिवस आधी बदला. नवी तार ताणली जाईपर्यंत सूर उतरत राहतो.

● चारही तारांचा एकेक जादा वेढा जवळ ठेवा.

वाद्याचं मोठं काम असेल तर मिरज आहेच. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या या गावाच्या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि रात्री दोनला तार तुटलीच आणि हाताशी एकच जुनी तार असली तर? ती लावा आणि सगळी वीणा काळी २ वरून काळी १ वर उतरवा. तेवढ्याने ओढ सुमारे २० टक्के कमी होते. गाणाऱ्यांना थोडं खाली गावं लागेल, पण सकाळच्या काकड्यापर्यंत वीणा वाजत राहील.