अग्निपंख आणि फ्लेमिंगो

बदलापूर-चामटोलीच्या बाजूने वाहणारी उल्हास कल्याणपुढे खाडी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते; हिवाळ्यात ठाणे खाडीत कोण उतरते, हे क्वचितच. ऐरोलीहून होडी निघते, भरतीचे गणित सांभाळीत कांदळवनाच्या कडेने जाते, आणि मार्गदर्शक हात दाखवून सांगतो, 'लेसर फ्लेमिंगो!' मराठीच्या अध्यापकाने येथे थबकावे, असे आम्हांस वाटते.

१८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत दोघेच एतद्देशीय: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे (१८६७) संस्थापक आणि १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबांचे धाकटे बंधू. दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. ही नावे आपण सुधारणेच्या प्रकरणात शिकवतो आणि पाखरांपाशी मात्र सोडून देतो. (अभ्यासक्रमाची ही जुनी खोड.) व्याकरणकाराच्या घरातला माणूस संस्थापकांत असूनही संस्थेचे नियतकालिक इंग्रजीतच राहिले. 'रोहित', 'अग्निपंख' हे शब्द मराठी वाचकाच्या ओठी आले ते पुष्कळ उशिरा, आणि त्याचे मोठे श्रेय वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाला व 'पक्षिकोशा'ला.

२०१५ साली खाडीला अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मराठीतले अधिकृत नाव मात्र 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' असेच आहे.