टोबॅगोच्या दारावरचा खिळा

बुकॅनन विरुद्ध रकर. १८०८ चा हा इंग्लिश खटला मला फार आवडतो. कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर इंग्लंडमधल्या माणसावर दावा लागला. प्रतिवादी बेटावर नाही? बिघडलं काय! तिथल्या कायद्याप्रमाणे दाव्याची नक्कल कोर्टाच्या दाराला खिळ्याने ठोकली, की झाली बजावणी. निकाल घेऊन वादी लंडनला वसुलीला आला. लॉर्ड एलनबरोंनी विचारलं, साऱ्या जगावर बंधनकारक असा कायदा टोबॅगो बेटाला करता येतो काय? शिवाय तो कायदा बेटावरून 'गैरहजर' असलेल्यांसाठी होता. जो कधी तिथे हजरच नव्हता, तो गैरहजर कसा?

आता वाटेल, खोट त्या खिळ्यात होती. समन्स नीट हातात दिलं असतं तर भागलं असतं. पण तसं नाही.

गुरदयालसिंग १८६९ ते १८७४ पंजाबातल्या फरीदकोट संस्थानचा खजिनदार होता. नोकरी सुटली, तो जींद संस्थानात राहायला गेला. १८७९ मध्ये फरीदकोटच्या राजाने त्याच्यावर आपल्याच कोर्टात पैशांचे दावे लावले. नोटीस जींदला रीतसर पोचली. तो गेला नाही. (वादी राजा, कोर्टही राजाचं... कोण जाईल?) एकतर्फी हुकूमनामे झाले. ते घेऊन राजा लाहोरच्या ब्रिटिश कोर्टात गेला आणि प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. १८९४ मध्ये लॉर्ड सेलबोर्न म्हणाले, हे हुकूमनामे बाहेर पूर्णपणे शून्यवत. माणूस हद्दीत राहत नाही, त्याने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नाही. मग पूर्वीच्या चाकरीवरून त्याला बांधता येत नाही. वादीने प्रतिवादीच्या गावच्या कोर्टात जावं.

राजाच्या बाजूने विचार केला तर हे जाचकच. हिशेब फरीदकोटचा, कागद आणि साक्षीदारही तिथलेच असणार. तरी मला निकाल पटतो. नाहीतर घरबसल्या कुणावरही, कुठूनही, पैशांचा बोजा चढला असता.

मराठी माणसालाही याचा फटका बसला. ग्वाल्हेरचे सरदार शितोळे यांनी उत्तर प्रदेशातल्या लोकांवर ग्वाल्हेरच्या कोर्टात दावा लावला आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा मिळवला. तोवर देश स्वतंत्र झालेला, ग्वाल्हेर मध्य भारतात गेलेलं! तरी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की निकालाच्या दिवशी ते कोर्ट परकीयच होतं. अलाहाबादेत वसुली होणार नाही.

बजावणीचा प्रश्न मात्र पुढे बराच सुटला. १९६५ च्या हेग करारात प्रत्येक देशाने एक मध्यवर्ती कचेरी नेमायची ठरली. भारतात तो करार १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे आणि ती कचेरी म्हणजे विधी मंत्रालय. परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवायला मात्र आपण हरकत घेऊन ठेवली आहे.