परिचारिका पुन्हा वर्गांत

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें परतवाडा म्हणजे मेळघाटाचें दारच होय. डोंगरांतून आजारी माणूस खालीं आणिला, म्हणजे त्याची पहिली गांठ पुष्कळदां डॉक्टरांपूर्वीं परिचारिकेशीं पडते. नाडी पाहावी, सलाईन लावावें, अडलेल्या बाईला धीर द्यावा, कोरकू बोलणाऱ्या आईला औषधाची वेळ समजावून सांगावी. हीं कामें वर्षानुवर्षें करून तिचा हात वाकबगार झालेला असतो. अशी अनुभवी स्त्री, पोराबाळांचें करून, चाळिशीच्या उंबरठ्यावर पदवीच्या परीक्षेस बसते, तेव्हां शेजारीपाजारी सहजच विचारतात, “नोकरी आहे, नोंदणी आहे, मग हा खटाटोप कशासाठीं?” या प्रश्नाचें उत्तर परिचर्येच्या इतिहासांत सांपडतें.

ही विद्या विद्यापीठांत जन्मली नाहीं, रुग्णालयांत जन्मली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या नांवें १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत शाळा निघाली. पुढें ठिकठिकाणीं तोच कित्ता गिरविला गेला: विद्यार्थिनीनें रुग्णालयांत राहावें, काम करावें आणि करतां करतां शिकावें. तिला विद्या मिळे, रुग्णालयास मनुष्यबळ मिळे. या सौद्यांत दोन्ही पक्षांचा लाभ होता खरा. परंतु काम आणि अभ्यास यांची ओढाताण होई, तेव्हां बहुधा अभ्यासच मागें पडे.

महाराष्ट्रांत मिरजेच्या मिशन रुग्णालयांत १८९७ सालीं परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें. पुण्यांत १९०९ सालीं स्थापन झालेल्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सासून रुग्णालयांत स्त्रियांना या शिक्षणासाठीं पाठविलें. परक्या माणसाची शुश्रूषा करणें हें कुलीन घरांत कमीपणाचें मानीत असत, अशा काळांतली ही गोष्ट आहे. पहिली लढाई, म्हणून, मानाची होती. पदवीचा प्रश्न अजून उपस्थितच झाला नव्हता.

पुढें कायद्यानें या व्यवसायास ओळख दिली. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांतास जोडलेलें होतें. त्या प्रांतांत १९३६ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि १९४७ सालीं सबंध देशासाठीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आतां नांव सरकारी वहींत आलें. तथापि नोंदणीनें विद्यापीठाचें दार उघडलें नाहीं.

तें दार उघडण्यास भोर समितीचा अहवाल बराच कारणीभूत झाला. १९४६ सालच्या या अहवालानें दाखवून दिलें कीं, देशांत परिचारिका अवघ्या सुमारें ७,००० असून ४३,००० लोकांमागें एक असें तें प्रमाण पडतें. त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबईंत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं निघालें. परंतु ही वाट मुख्यतः नव्यानें शिकूं येणाऱ्या मुलींची होती. जिनें आपली उमेद रुग्णांच्या खाटांपाशीं घालविली, तिनें काय करावें?

अमेरिकेंत हा प्रश्न पूर्वींच उठला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशीं जोडलेल्या टीचर्स कॉलेजांत १८९९ पासून शिकून तयार झालेल्या परिचारिकांसाठीं खास अभ्यासक्रम होता. हिंदुस्थानांत त्रिवेंद्रम येथें १९६३ सालीं असा दोन वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम निघाला. सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, मानसशास्त्र, समाजारोग्य असे विषय त्यांत येतात. हात जें करीत आला, तें कां करावयाचें हें बुद्धीस कळावें, हा त्याचा हेतु. ही पदवी मिळाली म्हणजे शिक्षिकेच्या जागेचा आणि पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग मोकळा होतो.

तरी अडचण उरलीच. दोन वर्षें नोकरी सोडून शहरांत राहावयाचें, तर घर कोणी सांभाळावें आणि चूल कशावर पेटावी? परतवाड्याहून अमरावती सुमारें ५० किलोमीटर. तेवढें अंतरसुद्धां रात्रपाळी करणाऱ्या आईला लांब वाटतें. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें १९९४ सालीं नोकरींत असलेल्या परिचारिकांसाठीं दूरशिक्षणानें पदवीची सोय केली. तिला निदान तीन वर्षें लागत. पण पगार चालू राही. घरीं वाचन आणि ठरलेल्या केंद्रावर प्रात्यक्षिक, अशी तिची रचना होती. लहान गांवच्या स्त्रीला विद्यापीठ प्रथमच आवांक्यांत आलें.

पदवीनें हात सुधारतो असा कोणाचा समज असेल, तर तो एकांगी आहे. वीस वर्षांच्या अनुभवापुढें पुस्तक पुष्कळदां फिकें पडतें. पण अनुभव मुका असतो. कोणत्या वॉर्डांत किती परिचारिका हव्यात, नवीन मुलींना काय शिकवावें, हें जेथें ठरतें तेथें अनुभवाला बोलावें लागतें. आणि त्या बैठकींत खुर्ची मिळण्यास पदवी लागते. ज्या स्त्रिया खाटेपाशीं उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठीं नियम मात्र दीर्घकाळ इतरांनींच केले. म्हणून रात्रपाळीहून परतलेली सिस्टर मुलांचे डबे भरून पुस्तक उघडते, तेव्हां ती केवळ बढतीचा अभ्यास करीत नसते. १८६० सालीं काम आणि अभ्यास यांचा जो सौदा ठरला, त्यांत अभ्यासाचें राहिलेलें देणें ती वसूल करीत असते.