शिकलगारांचे सतारमेकर

संगीताचा इतिहास लिहिताना आपल्याकडे गायक-वादकांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु ज्यांच्या हातांनी त्यांची वाद्ये घडविली त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीवरच आटोपतो. बेळगाव-निपाणीच्या टापूतील वाचकांस तर ही उणीव विशेष जाणवावी. कारण वाद्यनिर्मितीची मोठी पेठ जी मिरज, ती या टापूच्या उंबरठ्यावरच आहे.

मिरजेच्या वाद्यकारांचे मूळ कुलनाम शिकलगार. हा शब्द अरबी-फारसी वळणाचा असून त्याचा अर्थ पाणी देणारा, जिल्हई करणारा असा होतो. तलवारी, भाले व कट्यारी यांस धार लावणे हा या घराण्यांचा धंदा. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि धारेला गिऱ्हाईक उरले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयास गवयी व वादक येऊ लागले, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत, आणि ती नीट करण्याचे काम या कुशल हातांकडे आले. फरीदसाहेब शिकलगार यांना परंपरा या विद्येचे आद्य पुरुष मानते. दुरुस्ती करता करता नवे वाद्य घडविण्याचे कसब आले. तलवारीच्या धंद्याचा नाश आणि तंबोऱ्याच्या धंद्याचा उदय या दोन गोष्टी एकाच घरात घडाव्यात, यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही. लोखंडावर धार धरताना बोटांना जे सूक्ष्म मोजमाप कळते, तेच घोडीच्या पृष्ठभागावर उपयोगी पडले असावे.

हे सूक्ष्म मोजमाप म्हणजेच जवारी. तारेखालची घोडी सपाट न ठेवता तिला अत्यल्प उतार दिला जातो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत टेकत वाजते व तिच्या स्वरातून इतर स्वर झिरपू लागतात. तंबोऱ्यात सुती दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवून ही जागा नेमकी केली जाते. भोपळा कापणे, दांडी जोडणे, खुंट्या बसविणे, नक्षी व रोगण, पडदे बांधणे ही कामे मुलगा डोळ्यांनी शिकतो. जवारी मात्र कानांनी शिकावी लागते, आणि ती सर्वांत शेवटी येते. या धंद्यातील माणसाची बढती कागदावर नोंदली जात नाही. ज्याच्या हाती कानस देऊन वडीलधारा बाजूला होतो तो कारागीर झाला, एवढेच.

कच्च्या मालाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूचे, लाकूड कर्नाटकातील जंगलांचे. म्हणजे वाद्याचे पोट महाराष्ट्राचे आणि दांडी कर्नाटकाची! १९४८ पूर्वी मिरज हे संस्थान होते व बेळगाव इंग्रजी मुलुख; १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६० त मिरज महाराष्ट्राची झाली. सीमारेषेने नावे बदलली, वळणे बदलली. पण तंबोऱ्याच्या वाटेवर ती आडवी पडली नाही. सीमाप्रश्नावर आम्हांस मत नाही असे नव्हे. येथे त्याचे प्रयोजन नाही, इतकेच.

या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव अब्दुल करीमखाँ यांचे. १९१० त त्यांनी बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले, १९१३ त ते पुण्यास नेले, आणि अखेरीस ते मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. तंबोरा जुळला नाही तर गाणे नाही, असा ज्यांचा आग्रह, अशा गवयाचे सान्निध्य कारागिरास लाभले की कारागिराचा कान तयार होतो. चरित्रकारांनी गुरुशिष्यांच्या याद्या दिल्या. या दुसऱ्या प्रकारच्या शिष्यांची यादी कोणी केली नाही.

शिकलगार हे नाव हळूहळू मागे पडून काही घराणी ‘सतारमेकर’ म्हणवू लागली. अर्धा शब्द फारसी परंपरेचा, अर्धा इंग्रजी, आणि उच्चार अस्सल मिरजेचा! भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी नाक मुरडावे असेच हे आडनाव. आम्हांस ते प्रामाणिक वाटते. सतार हा शब्द ‘तीन तारा’ या अर्थाच्या फारसी सेहतारापासून आला, आणि गिटार ग्रीक ‘किथारा’वरून, उच्चारसाम्यावरून त्यांना सख्खी भावंडे ठरविण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो, तो शिक्षकांनी आवरावा.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विजेवर चालणारा तंबोरा आला. खिशात मावणारे, कधीही न उतरणारे ते यंत्र सोयीचे आहे. मात्र त्याने कारागिराची विक्रीच नव्हे तर दुरुस्तीचीही मजुरी घटविली. खरा तंबोरा बिघडतो, म्हणून त्याच्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि त्या येण्यातच मुलगा धंदा शिकतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे संरक्षण झाले हे उत्तमच. पण जवारीसाठी पुरेसे तंबोरे कारखान्यात येत राहिले नाहीत, तर पुढच्या पिढीने कान कशावर तयार करावा, हा प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाही.

बेळगावकडे पेटीचे थोर शिक्षक रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्या हाताखाली पिढ्या घडल्या, आणि त्यांची नावे आज सर्वत्र घेतली जातात. तेथील गाणाऱ्यांच्या मागे जो तंबोरा उभा असतो, त्याची घोडी कोणी घासली, हे बहुतेकदा त्या तंबोऱ्याच्या मालकासच ठाऊक असते.