धुळीचा हिशेब

बोरीवलीतल्या निवृत्त कामगाराने दम्याची तक्रार सांगितली, की मी आधी जुने हजेरीकार्ड मागतो. कारण अ‍ॅस्बेस्टॉसिस कामावर असताना क्वचितच उघड होतो. वीस-तीस वर्षांनी धाप लागते, तोवर कारखान्याची पाटीही बदललेली असते.

१९२४ साली रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्सच्या गिरणीतली नेली केर्शॉ तेहतिसाव्या वर्षी वारली. फुप्फुसात तंतू सापडले. कंपनीने अंत्यविधीचा खर्चही नाकारला; पायंडा पडेल ना! ब्रिटनने १९३१ मध्ये धुळीचे नियम केले. तिचीच मालक कंपनी टर्नर अँड न्यूऑल. तिची हिंदुस्तान फेरोडो नंतर घाटकोपरला ब्रेक-लायनिंग बनवू लागली. धोका ठाऊक नव्हता, ही सबब मला पटत नाही.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा, यांत जे उशिराचे असेल तोवर जपायला सांगितले. राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही हा आजार होता. पण भरपाईला निदान लागते, आणि केसपेपरवर अनेकदा क्षय किंवा बिडीचा खोकला एवढेच लिहिलेले असते.