एक तारीख, तीन कारणं

25 फेब्रुवारी 1996. जेरुसलेममध्ये 18 नंबरच्या बसमध्ये हमासने आत्मघाती स्फोट घडवला. 3 मार्चला त्याच मार्गावर पुन्हा, 4 मार्चला तेल अवीवमध्ये. नऊ दिवसांत सुमारे 60 माणसं गेली. राबिन यांच्या हत्येनंतर चाचण्यांत पुढे असलेले पेरेस 29 मे रोजी नेतान्याहूंकडून जेमतेम एका टक्क्याने हरले.

म्हणजे हल्ले ऑस्लो करार उधळायलाच केले होते? मीही आधी तसंच लिहून टाकलं होतं. मग टाइमलाइन मागे नेली. 5 जानेवारीला इस्रायलने हमासचा बॉम्ब बनवणारा याह्या अय्याश याला मोबाइलमध्ये स्फोटकं ठेवून मारलं होतं. शिवाय बरोबर दोन वर्षांपूर्वी, याच तारखेला, बारूख गोल्डस्टाइनने हेब्रॉनच्या मशिदीत 29 नमाजींना गोळ्या घातल्या होत्या; तोही ऑस्लोचा विरोधकच. मग बसमधला स्फोट हा सूड, स्मरणदिन की निवडणूक? प्रयोगशाळेत आपण एक व्हेरिएबल स्थिर ठेवतो. इथे ती सोय नाही!

अँड्र्यू किड आणि बार्बरा वॉल्टर यांचा 2002 चा लेख म्हणूनच वाचा. त्यांचा भर विश्वास कसा तुटतो यावर आहे. हल्ल्यानंतर इस्रायली मतदाराला प्रश्न पडतो: अराफत यांना हे थांबवता येत नाही, की थांबवायचंच नाही? ते जितके ताकदवान दिसतील, तितका दुसरा संशय बळावतो. आणि जानेवारी 1996 मध्येच अराफत प्रचंड मतांनी निवडून आले होते.