25 अंशांवर संपणारा काटा

जून 1984. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट गार ठेवणारे यंत्र बंद केले जाते. कामगार या रसायनाला एमआयसी म्हणत. ते शून्य अंशाच्या आसपास ठेवायचे, कारण 39 अंशांना ते उकळते. टाकी 11 अंशांवर गेली की धोक्याची घंटा वाजावी, अशी सोय होती. आता टाक्या 15 ते 20 अंशांवरच राहू लागल्या आणि त्या घंटेला अर्थ उरला नाही. टाकीचे तापमान लिहून ठेवण्याची शिस्तही सुटली.

ऑक्टोबरअखेर. एमआयसीचे उत्पादन थांबले आहे. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 41 टन साठा आहे. तिच्यात नायट्रोजनचा दाब टिकत नाही. गळणारा वायू धुऊन काढणारा स्क्रबर राखीव ठेवला आहे. वायू जाळणारा फ्लेअर टॉवर नळ बदलायचा म्हणून बंद आहे.

2 डिसेंबर, रविवार, रात्री 9.30. एमआयसी विभागातले नळ पाण्याने धुण्याचे काम सुरू होते. पाणी पुढे सरकू नये म्हणून जोडावर घालायची पत्र्याची चकती घातलेली नाही. 610 मध्ये पाणी गेले ते याच वाटेने की कोणी मुद्दाम सोडले, यावर कामगार आणि कंपनी पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिले. पाणी गेले, एवढे मात्र दोघांनाही मान्य आहे.

10.20. 610 चा दाब 2 पीएसआय.

10.45. पाळी बदलते.

11.00. दाब 10 पीएसआय. चाळीस मिनिटांत पाचपट. नव्या पाळीच्या ऑपरेटरला त्यात वावगे वाटत नाही. 2 ते 25 हा नेहमीचाच पट्टा, आणि 10 त्यात बसतो. शिवाय इथली मापके बिघडलेली असणे रोजचेच होते. आकडा विचित्र दिसला तर आधी संशय मापकावर. ही सवय एका रात्रीत लागलेली नव्हती.

11.30. विभागात कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. गळती आहे. भोपाळमध्ये डोळ्यांतले पाणी हाच गळती ओळखण्याचा रोजचा मार्ग झाला होता, आणि त्या रात्री डायलच्या आधी खरे बोलले ते डोळेच. शोध घेतल्यावर एका नळाजवळ पाणी आणि वायू ठिबकताना सापडतो. वरिष्ठांना कळवले जाते. चहानंतर बघू, असे ठरते.

12.15. चहा.

चहा चालू असतानाच कंट्रोल रूममधला दाबाचा काटा 30 वर जातो आणि थोड्याच वेळात 55 वर. 55 च्या पुढे डायलवर आकडाच नाही. तापमानाचा काटाही शेवटच्या खुणेला, 25 अंशांना, टेकलेला आहे. थंड ठेवायच्या रसायनासाठी बनवलेला डायल होता तो. रसायन थंड राहणारच, हे डायल बनवतानाच गृहीत धरले होते. आता टाकीत 26 अंश आहेत की 126, हे कंट्रोल रूममध्ये बसून कळायला मार्ग नाही.

12.40. ऑपरेटर टाकीकडे धावतो. टाकी जमिनीखाली, वर काँक्रीट. आतून घरघर ऐकू येते, चेहऱ्याला धग लागते, काँक्रीट तडकत असते.

12.45च्या सुमारास. 40 पीएसआयला उघडणारा सुरक्षा वॉल्व्ह उघडलेला आहे. वायू 33 मीटर उंच नळकांड्यातून बाहेर पडतो. स्क्रबरचा पंप चालू केला जातो, पण कॉस्टिक सोड्याचा प्रवाह दाखवणारा काटा हलत नाही. सोडा वाहत नाही की मापक बंद आहे? राखीव टाकी 619 रिकामी असायला हवी होती. तिचे मापक मात्र आत साठा असल्याचे दाखवते. तिच्याकडे जाणारा वॉल्व्ह कोणी उघडत नाही.

1.00. भोंगा वाजतो. शहरासाठीचा भोंगा थोड्याच वेळात बंद होतो. पाण्याचे फवारे मारले जातात, ते नळकांड्याच्या निम्म्यापर्यंतही धड पोचत नाहीत. वारा जुन्या भोपाळकडे, जयप्रकाशनगरच्या झोपड्यांकडे.

2 ते 2.30च्या दरम्यान. दाब उतरतो आणि वॉल्व्ह आपोआप बसतो. शहराचा भोंगा याच सुमारास पुन्हा सुरू होतो. लोक केव्हाच रस्त्यावर आलेले आहेत, आणि बरेच जण कारखान्याच्याच दिशेने किंवा वाऱ्याबरोबर धावत सुटले आहेत.

मध्य प्रदेश सरकारने पुढे 3,787 मृत्यू वायूमुळे झाल्याचे मान्य केले. बाधितांच्या संघटनांचे आकडे याच्या कितीतरी पट आहेत. 2006 मध्ये सरकारने प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या दिली, ती 5,58,125.

610 च्या तळाशी उरलेल्या गाळाचे रसायनशास्त्रज्ञांनी पृथक्करण केले. आत नेमके काय घडले, ते त्यावरूनच उमगले. टाकीतले तापमान 200 अंशांच्या पुढे गेले असावे, असा त्यांचा अंदाज निघाला.